निलंबन, शिक्षा आणि लोकक्षोभ : आरोपी खेळाडूंच्या शिस्तीची चिकित्सा

नामवंत खेळाडूवर फौजदारी गुन्हा दाखल झाला, की त्याच्यावर एकाच वेळी तीन ठिकाणी खटला सुरू होतो. पहिला न्यायालयात. तो पुराव्यावर चालतो आणि फार हळू चालतो. दुसरा त्याच्या संघाच्या किंवा मंडळाच्या कचेरीत, बहुधा बंद दाराआड. तिसरा लोकांमध्ये : चहाच्या टपरीवर, वाहिन्यांच्या चर्चांत, मोबाइलवर. या तिसऱ्या खटल्याला कायद्याचा कसलाही आधार नाही, पण निकाल सर्वांत आधी त्याचाच लागतो. ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ हे त्याचे एकमेव कलम. गेल्या पस्तीस वर्षांतील काही ठळक प्रकरणे मी एकापुढे एक ठेवून पाहिली, तेव्हा मला दिसले ते असे, की दुसऱ्या खटल्याचा निकाल पुष्कळदा तिसऱ्याकडे पाहून लिहिलेला असतो.

या विषयाकडे मी खेळाच्या बाजूने कमी आणि आस्थापना शाखेच्या बाजूने जास्त पाहतो. नोकरीतली बरीच वर्षे मी सरकारी कचेरीत निलंबनाच्या, विभागीय चौकशीच्या आणि निर्वाह भत्त्याच्या फाइली सांभाळल्या. तलाठ्याला किंवा शिपायाला अटक झाली तर पुढे काय करायचे, हे तिथे कोणाच्या मनावर नसते. नियम काढायचा आणि त्याप्रमाणे टिपणी लिहायची. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या क्रिकेटमध्ये एवढी साधी सोय का नसावी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडत आला आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या क्रीडा मंडळांकडे शिक्षा आहेत, पण आरोप आणि निकाल यांच्या मधल्या काळासाठी स्पष्ट नियम नाही. ती रिकामी जागा लोकक्षोभ भरून काढतो. आणि क्षोभ हा गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे वाढत नाही. जे डोळ्यांना दिसते आणि ज्यात आपल्याला आपली फसवणूक झाली असे वाटते, त्याप्रमाणे वाढतो. त्यामुळे काही खेळाडूंना न्यायापेक्षा जास्त शिक्षा मिळते, काहींना चौकशीसुद्धा होत नाही, आणि तक्रार करणाऱ्या माणसाला, विशेषतः स्त्रीला, या सगळ्यात जागाच उरत नाही.

अंकित चव्हाण : एका बंदीचा हिशेब

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे प्रकरण मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण याचे. १६ मे २०१३ च्या पहाटे दिल्ली पोलिसांनी त्याला मुंबईत अटक केली. आदल्याच रात्री तो वानखेडेवर राजस्थान रॉयल्सकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला होता. त्याच्याबरोबर एस. श्रीशांत आणि अजित चंडिला हे त्याच संघातले दोघे पकडले गेले. आरोप होता तो सट्टेबाजांशी संगनमत करून ठरावीक षटकात ठरावीक धावा देण्याचा, म्हणजे ‘स्पॉट फिक्सिंग’चा. संघाने तिघांना तत्काळ दूर केले. पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता.

पोलिसांनी नंतर ‘मोक्का’ लावला. १९९९ चा हा कायदा मूळचा आपल्या महाराष्ट्राचा, संघटित गुन्हेगारी टोळ्यांसाठी केलेला. २००२ मध्ये तो दिल्लीला लागू झाला. त्यात जामीन मिळणे अतिशय अवघड असते. तरीही १० जून २०१३ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने मोक्काला प्रथमदर्शनी आधार दिसत नसल्याचे सांगून श्रीशांत, अंकित आणि इतर अनेकांना जामीन दिला. त्याआधी अंकितला स्वतःच्या लग्नासाठी काही दिवसांचा जामीन मिळाला होता. सत्तावीस वर्षांच्या त्या मुलाची लग्नपत्रिका आणि त्याच्यावरचे आरोप असे एकाच वेळी चर्चेत होते.

१३ सप्टेंबर २०१३ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या शिस्तपालन समितीने श्रीशांत आणि अंकित यांच्यावर आजन्म बंदी घातली. चौकशी अहवाल रवी सावनी यांचा होता. समितीत होते एन. श्रीनिवासन, अरुण जेटली आणि निरंजन शहा. यातले पहिले नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यपन यांना त्याच हंगामात, २४ मे २०१३ रोजी, सट्टेबाजीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली होती. मय्यपन यांच्या आणि राजस्थान रॉयल्सच्या मालकांच्या चौकशीसाठी मंडळाने नेमलेली दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी बेकायदा ठरवली होती. म्हणजे जावयाच्या चौकशीची पद्धत न्यायालयाने मोडीत काढून दीड महिना होतो न होतो, तोच सासरे खेळाडूंच्या चौकशीवर निकाल द्यायला बसले होते. आमच्या कचेरीत चौकशी अधिकाऱ्याचा प्रकरणाशी दूरचा संबंध निघाला तरी अपचारी कर्मचारी अर्ज करून तो बदलून मागू शके.

पुढचा हिशेब तारखांनीच मांडतो. २५ जुलै २०१५ : दिल्लीच्या सत्र न्यायालयाने सर्व ३६ आरोपींना आरोपमुक्त केले. खटला पुढे चालवण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा अर्थ. मंडळाने बंदी उठवली नाही. १५ मार्च २०१९ : सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या याचिकेवर त्याचा दोष कायम ठेवला, पण आजन्म बंदी रद्द केली आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. ऑगस्ट २०१९ : मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ती बंदी ७ वर्षांवर आणली. अंकितचे प्रकरण त्याच घटनेतले, त्याच दिवशीच्या आदेशातले, त्याच शिक्षेचे. त्याला हाच न्याय मिळायला मे २०२१ उजाडला. त्या आदेशाप्रमाणे त्याची ७ वर्षांची बंदी सप्टेंबर २०२० मध्येच संपलेली होती. सुटकेचा आदेश शिक्षा पुरी झाल्यावर आठ महिन्यांनी आला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

अंकितने काहीच केले नव्हते, असे मी म्हणत नाही. तसे कोणत्याही न्यायपीठाने म्हटलेले नाही. माझा आक्षेप शिक्षेच्या मोजमापाला आहे. मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत अशा गुन्ह्याला किमान ५ वर्षे ते आजन्म असा पल्ला दिलेला होता, आणि त्यातला आकडा ठरवताना शिक्षा वाढवणाऱ्या व कमी करणाऱ्या बाबींचा विचार करावा, असेही लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाला नेमके हेच खटकले : समितीने तो विचारच केला नाही, सरळ वरचे टोक उचलले. त्या सप्टेंबरात देशातले वातावरण आठवा. जन्मठेपेहून कमी काही दिले असते, तर मंडळच चोरांना सामील आहे अशी ओरड झाली असती. समितीने पुरावा तोलला असेलही, पण शिक्षा मात्र त्या ओरडीने तोलली.

आरोपमुक्त झाला, मग बंदी कशाची?

क्षोभ ओसरला की लोक उलट टोकाला जातात. २०१५ नंतर अनेक जण म्हणू लागले, ‘कोर्टाने सोडले, आता मंडळ कोण लागून गेले?’ हा प्रश्न सहानुभूतीतून येत असला तरी चुकीचा आहे, आणि कोणत्याही सेवापुस्तकाशी संबंध आलेल्या माणसाला ते चटकन कळेल.

फौजदारी न्यायालय विचारते, गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला का? विभागीय चौकशी विचारते, उपलब्ध पुराव्यावरून हे वर्तन घडल्याची शक्यता जास्त आहे का, आणि असा माणूस या जागेवर ठेवता येईल का? दोन्ही प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी येऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात हे स्पष्ट केले. मात्र त्याच निकालात न्यायालयाने दुसरेही सांगितले : दोन्हीकडे तेच आरोप, तेच साक्षीदार आणि तोच पुरावा असेल आणि न्यायालयाने तो पुरावा फेटाळला असेल, तर विभागाचा एकतर्फी निष्कर्ष तसाच टिकू देणे अन्यायाचे ठरेल. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता न देता चौकशीला हजर राहायला लावणे म्हणजे त्याला बचावाची संधी नाकारणे, हेही त्याच प्रकरणात आले.

क्रिकेटमध्ये या भेदाला आणखी एक पदर आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कर्नाटक प्रीमियर लीगमधील सामनानिश्चितीच्या प्रकरणातील खटला रद्द केला. सामना आधी ठरवून खेळणे हे बेशिस्तीचे आणि लोकांना फसवल्यासारखे वाटणारे असले, तरी भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मधल्या ‘फसवणुकी’त ते बसत नाही; कारवाईचा अधिकार मंडळाला आहे, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे ज्या कृत्यावर लोकांचा राग सर्वांत जास्त, ते आपल्या फौजदारी कायद्यात नीट बसतच नाही. अशा वेळी मंडळाची शिस्त हाच एकमेव उपाय उरतो. म्हणून ती शिस्त कणखर हवीच. पण ती एकमेव असल्यामुळेच कायद्याइतकी काटेकोरही हवी.

कोणता गुन्हा ‘लागतो’ आणि कोणता नाही

आता हाच मापदंड दुसऱ्या जातीच्या गुन्ह्यांना लावून पाहू.

२७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात गाडीच्या वादातून झालेल्या मारहाणीनंतर एका ६५ वर्षांच्या वृद्धाचा मृत्यू झाला. आरोपी होते भारताचे फलंदाज नवज्योतसिंग सिद्धू. सत्र न्यायालयात ते निर्दोष सुटले ते १९९९ मध्ये. मधल्या सबंध दशकात, गंभीर आरोप डोक्यावर असताना, ते भारतासाठी खेळत राहिले. मार्च १९९६ मध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्धच्या विश्वचषक उपान्त्यपूर्व सामन्यात त्यांनी काढलेल्या ९३ धावा माझ्या पिढीला अजून आठवतात. त्या दिवशी आपल्यातल्या कितीजणांना पतियाळा आठवले होते? पुढे उच्च न्यायालयाने त्यांना २००६ मध्ये दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केवळ एक हजार रुपये दंड ठेवला, आणि फेरविचारात मे २०२२ मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी दिली. तोवर तेहतीस वर्षांहून अधिक काळ उलटला होता. मंडळाच्या बाजूने या काळात शिस्तीचा प्रश्न म्हणून काही उभेच राहिले नाही. कारण क्षोभ नव्हता, टाळ्या होत्या.

हा जुना काळ म्हणून सोडून द्यावा, तर मार्च २०१८ पाहा. गोलंदाज महंमद शमी यांच्यावर पत्नीने छळाचे आणि मारहाणीचे आरोप केले. कोलकाता पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मंडळाने त्यांचा वार्षिक करार रोखला. तक्रारीच्या ओघात सामनानिश्चितीशी जोडता येईल असा पैशाचाही एक आरोप होता. मंडळाने भ्रष्टाचारविरोधी विभागाचे प्रमुख नीरजकुमार यांना चौकशी करायला सांगितले, आणि ती केवळ या पैशाच्या आरोपापुरती. त्यात काही आढळले नाही, आणि २२ मार्चला शमी यांना ‘ब’ श्रेणीचा करार मिळाला. शमी दोषी की निर्दोष हा प्रश्न न्यायालयाचा, आणि त्यांना निर्दोष मानूनच पुढे गेले पाहिजे. पण मंडळाने काय तपासले हे पाहण्यासारखे आहे. पैशाचा आरोप तपासला, कारण त्यासाठी संहिता होती. घरातल्या हिंसेचा आरोप तपासलाच नाही, कारण त्यासाठी काही लिहिलेलेच नव्हते.

यापुढे जानेवारी २०१९ ठेवा. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल हे दोघे दूरचित्रवाणीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात स्त्रियांविषयी अशोभनीय बोलले. गुन्हा नव्हता, तक्रारदारही नव्हती. पण ध्वनिचित्रफीत घरोघरी पोहोचली होती. काही दिवसांत दोघे निलंबित होऊन ऑस्ट्रेलियातून परत आले, आणि पुढे लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. त्यांना शिक्षा झाली याची मला खंत नाही. पण एकाच मंडळाने दहा महिन्यांच्या अंतराने एका बाजूला मारहाणीच्या नोंदलेल्या तक्रारीकडे खासगी बाब म्हणून पाहावे आणि दुसऱ्या बाजूला तोंडाळपणावर विमानाचे तिकीट काढावे, याला शिस्त म्हणता येत नाही. फरक एवढाच होता, की एक गोष्ट आपण सर्वांनी पाहिली होती.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये रे राइस या फुटबॉलपटूने होणाऱ्या पत्नीला मारहाण केल्याचे प्रकरण घडले. तिला बेशुद्धावस्थेत लिफ्टबाहेर ओढून नेतानाचे चित्रण आधीच सर्वांसमोर होते. तरी लीगने फक्त दोन सामन्यांची बंदी दिली. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतले, प्रत्यक्ष ठोशाचे चित्रण प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी संघाने त्याला काढले आणि लीगने बेमुदत निलंबित केले. कृत्य तेच होते, कबुलीही आधीची होती. नवे होते ते फक्त चित्र. लवादाने नोव्हेंबरमध्ये ही वाढीव शिक्षा मनमानी ठरवून रद्द केली. म्हणजे स्त्रीवरच्या हिंसेला आधी हलके लेखले, मग घाईने जड केले, आणि त्या घाईमुळेच ती शिक्षा टिकली नाही. क्षोभाच्या बळावर दिलेली शिक्षा पीडितेच्याही कामी येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

मधला काळ

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांचा नियम ४ आस्थापनेच्या प्रत्येक लिपिकाला पाठ असतो. कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला, की तो निलंबित झाला असे मानले जाते. यात त्याच्या दोषाविषयी कोणी मत देत नाही. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, तीन महिन्यांनंतर तो वाढवता येतो. २०१५ च्या अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे रेटू नये, आणि दिले असेल तर मुदतवाढीचा आदेश कारणांसह काढावा. हे नियम नेहमी पाळले जातात असे नाही. पण मोडले तर दाद मागता येते.

योगायोग असा, की आपल्या एका मोठ्या खेळाडूला हाच न्याय लागला तो खेळाडू म्हणून नव्हे, कर्मचारी म्हणून. दोन ऑलिंपिक पदकांचे मानकरी मल्ल सुशीलकुमार यांना दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधील मारहाणीत तरुण मल्ल सागर धनखड याचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणात २३ मे २०२१ रोजी अटक झाली. उत्तर रेल्वेने दोन दिवसांत निलंबनाचा आदेश काढला. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागला नाही, रेल्वेला कोणाच्या भावना तपासाव्या लागल्या नाहीत. खटला अजून निकाली निघायचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा जामीन रद्द केला. निलंबनाचा कागद मात्र पहिल्या दिवशी जितका योग्य होता तितकाच आजही आहे, कारण त्यात निकाल दिलेलाच नव्हता.

व्यावसायिक लीगमध्ये हे जमते का? ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ मध्ये तसा नियम केला. ज्या गुन्ह्याला ११ वर्षे वा अधिक कैद होऊ शकते, त्याचा आरोप ठेवला गेला की खेळाडूने निकालापर्यंत मैदानाबाहेर बसायचे. मानधन पूर्ण मिळणार, सरावही करता येणार. नावच ‘दोष न ठरवता बाजूला’ अशा अर्थाचे. जॅक डी बेलिन या खेळाडूने याला न्यायालयात आव्हान दिले आणि तो हरला. पुढे दोन वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही, २०२१ मध्ये आरोप मागे घेण्यात आले आणि तो परतला. त्याची दोनहून अधिक वर्षे गेली. ही किंमत लहान नाही. पण त्याचे मानधन चालू राहिले, त्याला लीगने दोषी म्हटले नाही, आणि तक्रारदार स्त्रीलाही दर आठवड्याला त्याचा जयजयकार ऐकावा लागला नाही.

नियम नसला की काय होते, ते नेपाळच्या संदीप लामिछाने प्रकरणात दिसले. २०२२ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून निलंबन. जामिनानंतर २०२३ मध्ये खटला चालू असतानाच पुन्हा संघात. त्या वेळी स्कॉटलंडच्या खेळाडूंनी त्याच्याशी हस्तांदोलन टाळले. मग जिल्हा न्यायालयात दोषी आणि ८ वर्षांची कैद. मे २०२४ मध्ये पाटण उच्च न्यायालयातून निर्दोष मुक्तता. दरवेळी मंडळाने त्या क्षणी जिकडे जोर होता तिकडे पाऊल टाकले. खेळाडू निर्दोष ठरला तरी त्या पावलांनी त्याचे भले झाले असे म्हणता येत नाही, आणि तक्रारदार मुलीचे तर नाहीच.

क्षोभाची बाजू

एवढे वाचून कोणी म्हणेल, की लोकांनी गप्प बसावे असे तुमचे मत दिसते. तसे मुळीच नाही. बलाढ्य मंडळांना हलवण्याचे दुसरे साधन सामान्य माणसाकडे नाही. २०१३ च्या रागामुळेच श्रीनिवासन यांच्या कारभाराची चर्चा झाली. बिहार क्रिकेट संघटनेची याचिका, मुद्गल समिती, मग जानेवारी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि जुलै २०१५ मध्ये न्या. लोढा समितीने मय्यपन व राज कुंद्रा यांच्यावर घातलेली आजन्म बंदी, दोन संघांचे दोन वर्षांचे निलंबन, हे सगळे त्या दबावाशिवाय झाले नसते. २०२३ मध्ये महिला मल्ल जंतरमंतरवर बसल्या आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर गुन्हा नोंदवला गेला. राग चौकशीचे दार उघडू शकतो. शिक्षेचा आकडा मात्र त्याने ठरवू नये.

आणि राग नेहमी शिक्षाच मागतो असेही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ‘महाराष्ट्र केसरी’ सिकंदर शेख याला पंजाब पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली अटक केली, तेव्हा आपल्याकडची लाट उलट होती : आमच्या पैलवानाला गोवले आहे. काही दिवसांत त्याला जामीन मिळाला. निकाल न्यायालय देईल. पण त्या लाटेतही तपास कोणी वाचला नव्हता. आपला खेळाडू परप्रांतात पकडला गेला की तो निर्दोष, आणि आपल्या पैशाने पाहिलेल्या सामन्यात पकडला गेला की तो चोर, असे हे गणित आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाला लाथ मारल्याबद्दल शिवराज राक्षे याच्यावर संघटनेने लगोलग तीन वर्षांची बंदी जाहीर केली होती. मॅटवर घडलेल्या गोष्टीसाठी संघटनेचा हात असा झटपट उठतो. मॅटबाहेरच्या गोष्टीसाठी तिच्याकडे कलमच सापडत नाही.

धरणगावापर्यंत

हा प्रश्न वानखेडेपुरता असता तर मी एवढी पाने खर्च केली नसती. आमच्या धरणगावात, किंवा एरंडोल, अमळनेर, पारोळा अशा कोणत्याही तालुक्याच्या गावात, आज टेनिस बॉलच्या ‘प्रीमियर लीग’ भरतात. संघमालक असतात, खेळाडूंचा लिलाव होतो, बक्षिसे लाखांत जातात. कबड्डी आणि कुस्ती तर नोकरीचाच रस्ता आहेत, कारण राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कपाशीच्या दोन-चार एकरांवर ज्या घरांचे भागत नाही, त्या घरांतली मुले प्रमाणपत्रासाठी घाम गाळतात. आणि मैदानावरच्या भांडणातून मारामारीचा एक गुन्हा नोंदला गेला, की चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो समोर येतो. २०१६ च्या अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की तरुण वयातील किरकोळ गुन्हा उमेदवाराने लपवला असला तरी नियोक्ता तारतम्याने विचार करू शकतो, आणि प्रलंबित प्रकरण खरेपणाने सांगितले असेल तर त्यातील परिस्थिती पाहून नेमणूक देता येते. हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. तो घाबरून रकान्यात ‘नाही’ लिहितो आणि खोटे लिहिल्याच्या कारणाने नोकरी गमावतो. उलट बाजूला, गावात वजन असलेल्या घरातल्या खेळाडूवर मुलीची छेड काढल्याची तक्रार आली, तर ती ‘खेळाशी संबंध नाही’ म्हणून बाजूला सारली जाते आणि संध्याकाळी त्याच्याच हस्ते चषक दिला जातो.

म्हणून मंडळापासून तालुक्याच्या स्पर्धेपर्यंत पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे मी सुचवतो.

एक : निलंबन आणि शिक्षा वेगळ्या ठेवाव्यात. गंभीर गुन्ह्यात दोषारोपपत्र आले किंवा ४८ तासांहून जास्त कोठडी झाली, की खेळाडू बाजूला बसेल. त्याचे मानधन पूर्ण किंवा ठरावीक प्रमाणात चालू राहील.

दोन : कोणत्या गुन्ह्यांना हा नियम लागेल याची यादी आधी जाहीर करावी, आणि स्त्रियांवरील व घरातील हिंसा त्यात सामनानिश्चितीच्या बरोबरीने असावी. ‘गैरवर्तन’ हा एकच ढोबळ शब्द पुरेसा नाही.

तीन : दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा आणि मुदतवाढीची कारणे लिहावीत.

चार : चौकशी प्रकरणात हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीकडे द्यावी. खेळाडूइतकेच तक्रारदाराचेही म्हणणे ऐकावे आणि तिची ओळख राखावी.

पाच : एका खेळाडूची शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कमी केली, तर त्याच आदेशातल्या दुसऱ्याला अर्ज-विनंत्या न करता तोच लाभ ठरावीक दिवसांत द्यावा.

शेवटचे कलम मी अंकित चव्हाणच्या तारखांवरून लिहिले आहे. श्रीशांतपाठोपाठ २०१९ मध्येच त्याची फाइल कोणी उघडली असती, तर सप्टेंबर २०२० मध्ये तो मैदानावर परतू शकला असता. ती उघडायला कोणताही क्षोभ लागला नसता; टेबलावर एक नियम आणि त्याप्रमाणे टिपणी लिहिणारा एक माणूस, एवढेच पुरले असते.